पाणी तोडू नका

"त्येचं पाणी तोडा, गुर्जी," असं मला बारा जणांनी सांगितलं. मी मोजलेत. त्यांत एक निवृत्त ग्रामसेवक होते, दोन माझेच जुने विद्यार्थी होते, एक आमची चुलत आत्या होती, आणि गावोगाव जनावरांना सुया टोचत फिरणारा, ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात, तोही होता. बाराही जण चांगले. एकाचाही माझ्या कुत्र्यावर राग नव्हता. म्हणूनच मला हे लिहायचंय. वाईट माणसाचा सल्ला आपण तसाही ऐकत नाही. आपल्या जनावराचा जीव जातो तो चांगल्या माणसांच्या सल्ल्यानं.

आणि तेरावा मी. कारण दोन दिवस मीसुद्धा पाणी तोडलं होतं.

बाण्याला मी २०१९च्या संक्रांतीला आणला. आमच्या माणदेशात कारवानी कुत्र्याचं वेड जुनं. लांबोडकं तोंड, पोट पाठीला गेलेलं, काटक्यांसारखे पाय आणि उभं राहिलं की कमानीसारखी पाठ. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड होता. कारवानी आणि मुधोळ एकच की दोन, यावर आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर अजून तासतासभर भांडण चालतं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, वस्तीवर डाळिंबाची बाग होती, रात्री रानडुकरांचा त्रास होता, ही सगळी कारणं मी बायकोला सांगितली. खरं कारण एकच, लहानपणापासून मला असं कुत्रं पाहिजे होतं. शेजारच्या तालुक्यातला एकजण पैदास करतो. त्यानं सहा हजार घेतले आणि पिल्लू माझ्या हातात देताना छाती काढून म्हणाला, "गुर्जी, रगत एकदम शुद्ध. बाहेरचा थेंब न्हाय. ह्येची आई ह्येच्या बापाचीच पोर हाय."

मी मान डोलावली. तीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस, मान डोलावून घरी आलो.

मार्चपर्यंत काही कळलं नाही. पिल्लू हुशार होतं, जरा बारीक होतं इतकंच. मग सपरीत रोज सकाळी डबकं दिसायला लागलं. डबकं म्हणजे डबकंच, पिल्लाची शू नव्हे. आणि पाणी! गोठ्यातल्या म्हशीच्या टोपल्यात तोंड घालायचा, मोरीतलं चाटायचा, बायको तुळशीला पाणी घालायला लागली की धारेखाली जीभ धरायचा. पिवळेपणा नाही, वास नाही, नुसतं पाण्यासारखं मुतायचा. चार महिन्यांचा झाला तेव्हा त्याचा भाऊ, जो माझ्या एका मित्रानं नेला होता, याच्या दुप्पट दिसत होता.

तिथं सल्ले सुरू झाले. त्यांचा हिशोब सरळ होता. जास्त पितंय म्हणून जास्त मुततंय, पिणं बंद केलं की मुतणं बंद. यापेक्षा साधा हिशोब दुसरा नसेल. आणि तो उलटा आहे. ते जास्त पीत होतं म्हणून मुतत नव्हतं. मुतल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं म्हणून पीत होतं. त्याच्या मूत्रपिंडांना पाणी अडवून धरता येत नव्हतं. चाळणीतनं पाणी गळतंय म्हणून विहीर बुजवायची, तसला हा सल्ला.

पण हे मला कळलं नंतर. तेव्हा मी टोपलं उचललं. फक्त सकाळ-संध्याकाळ एक एक वाटी, असं ठरवलं. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतनं आलो तर हा रांजणाच्या बुडाशी बसलेला. रांजण पाझरतो ना, त्याचा ओला भाग चाटत होता. जीभ फाटल्यासारखी झालेली. रात्री पिवळं पिवळं ओकला. डोळे आत गेले. बायको म्हणाली, "अहो, हे कुत्र्याला शिस्त लावणं चाललंय का काय चाललंय?" मी टोपलं भरून समोर ठेवलं. ते त्यानं कसं प्यायलं हे मी लिहीत नाही.

पुढं तो लंगडायला लागला. तर आमचे सुईवाले डॉक्टर आले. त्यांच्या पिशवीत तीनच औषधं असतात, एक तापाचं, एक दुखण्याचं, एक ताकदीचं, आणि म्हैस असो, शेळी असो, कुत्रं असो, तीनही टोचली जातात. त्यांनी दुखण्याची सुई मारली. लंगडणं एक दिवस थांबलं आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू उठेना.

आता इथं मला गिधाडं आठवतात. विषय सोडून चाललो असं वाटेल, पण चाललेलो नाही. माझ्या लहानपणी ढोर मेलं आणि ओढ्याला नेऊन टाकलं की दोन तासांत आभाळातनं गिधाडं उतरायची. चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास. सकाळी हाडं शिल्लक. आज माझ्या शाळेतल्या मुलांना गिधाड चित्रात दाखवावं लागतं. ती गिधाडं कशानं गेली? डायक्लोफेनॅक नावाच्या दुखण्याच्या औषधानं. ते आपण जनावरांना टोचायचो, जनावर मेलं की ते मांसातनं गिधाडाच्या पोटात जायचं, आणि त्याची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. हे सगळं मी शाळेत परिसर अभ्यासाच्या तासाला शिकवत होतो. फळ्यावर बाण काढून शिकवत होतो! आणि घरी माझ्या डोळ्यांसमोर, ज्या पिल्लाची मूत्रपिंडं आधीच गेली होती त्याला दुखण्याची सुई टोचली जात होती, आणि मी त्याचे पाय धरून बसलो होतो. ते औषध डायक्लोफेनॅक नव्हतं, दुसरं होतं. पण मूत्रपिंड आजारी असलं की त्या जातीचं कुठलंच औषध चालत नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर मला माझ्याच फळ्याची लाज वाटली.

सांगलीला नेलं एप्रिलच्या शेवटी. डाळिंबाच्या क्रेटमध्ये घोंगडी घातली, त्यात बाण्या, क्रेट मोटारसायकलच्या मागं दोरीनं बांधलं, आणि मधे माझ्या बायकोनं एक हात मागं करून त्याच्या मानेवर ठेवलेला. रस्त्यात तीनदा थांबलो. तीनदा पाणी पाजलं, तीनदा उतरवलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. रक्त घेतलं, लघवी घेतली, सोनोग्राफी केली. मग मला खुर्चीवर बसवून विचारलं, "सर, बोकडाचा गुर्दा उभा कापलेला बघितलाय?" म्हटलं, बघितलाय. "बाहेर गडद साल असते, आत फिकट गाभा असतो, मधे रेघ स्वच्छ दिसते. बरोबर? याच्यात ती रेघच नाही. दोन्ही लहान आहेत, वेडीवाकडी आहेत. हे याला झालेलं नाही. हे असंच बनलंय, आईच्या पोटात."

मग रक्ताचा कागद दाखवला. क्रिएटिनिन ४.८. या वयाच्या निरोगी पिल्लाचं एकच्या आसपास असायला हवं. त्यांनी सांगितलं, मूत्रपिंडाचा तीन-चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्तात हा आकडा वाढत नाही, म्हणजे आकडा दिसतो तेव्हा पाव भागावर गाडी चाललेली असते. हिरड्या पांढुरक्या का? रक्त तयार करायचा निरोप मूत्रपिंडाकडनं जातो, तो जात नाही. लंगडतो का? रक्तात फॉस्फरस साचतो, आणि तो सांभाळता सांभाळता शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. जबड्याचं हाड तर बोटानं दाबलं की दबल्यासारखं वाटतं. मी दाबून बघितलं. तोंडाला मुतारीसारखा वास का, तेही कळलं.

"बरं होईल?"

"नाही."

"मग?"

डॉक्टर म्हणाले, "दोन गोष्टी आहेत. आज झोपेचं इंजेक्शन देता येतं, त्यात चूक काही नाही. किंवा काही महिने बरे काढता येतील. कष्ट तुमचे. ते तुम्ही ठरवा."

परतीच्या वाटेवर विट्याला चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "बरं होणार नाही म्हणाले. काही करता येणार नाही असं नाही म्हणाले."

माझं सगळं भांडण या दोन वाक्यांत आहे. आमच्या गावात, आणि फक्त गावातच नाही, ही दोन वाक्यं एकच समजतात. "बरं हुणार न्हाय तर कशापायी?" हे वाक्य मी पुढं आठ महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की मला त्याचं उत्तर पाठ झालं. उत्तर असं: मी बारा वर्षं रक्तदाबाची गोळी खातोय. ती मला बरं करत नाही. कधीच करणार नाही. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची साखर गोळ्यांवर आहे, ती बरी होणार नाही. तुम्हाला कुणी विचारतं का, तात्या, कशापायी गिळताय? मग तात्या म्हणतात, "आवं, माणसाची गोष्ट येगळी." वेगळी आहे, मान्य. पण मग असं म्हणा की कुत्र्यासाठी आम्हाला करायचं नाही. ते खरं बोलणं झालं. बरं होणार नाही म्हणून करायचं नाही, हे खोटं बोलणं आहे. न करण्याला शहाणपणाचं धोतर नेसवायचं!

आम्ही काय करत होतो ते सांगतो, म्हणजे हे काही श्रीमंतांचं खूळ नाही हे कळेल. भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, वर तूप. हाडूक नाही, मटण नाही, दूध नाही. भाताबरोबर एक औषध, जे पोटातच फॉस्फरस धरून ठेवतं. सकाळी उपाशीपोटी पित्ताची अर्धी गोळी. आणि रोज संध्याकाळी कातडीखाली सलाइन. बाटली कोमट पाण्यात धरायची, सपरीच्या आढ्याला खिळा होता त्याला टांगायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची आणि त्या तंबूत सुई. दीडशे मिली. पाठीवर उंटासारखं मदार यायचं आणि तासाभरात ते ओघळून एका पायाकडं जायचं, मग विरायचं. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला, सुई आरपार गेली, सगळं पाणी माझ्या धोतरावर. आठव्या दिवशी मी बोलत बोलत लावत होतो. एक बाटली तीन दिवस जायची. मी हिशोबाची वही ठेवली आहे: आठ महिन्यांत सांगलीच्या खेपांसकट चौदा हजार सहाशे रुपये. कमी नाहीत. पण आमच्या चौकात वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड लागतात, त्यांच्या वर्गणीचा हिशोब मला कुणी "कशापायी" म्हणून विचारलेला नाही.

खरी अडचण पैशाची नव्हतीच. पाण्याची होती.

२०१९चा उन्हाळा ज्यांनी आटपाडी, जत, माण या भागात काढला त्यांना सांगायला नको. विहिरी कोरड्या, बोअर कोरडी, टँकर दोन दिवसाआड. गुरं चारा छावणीत. आमची म्हैसही छावणीत होती. तिथं मोठं जनावर, लहान जनावर अशी नोंद व्हायची, त्यात कुत्रं कुठं बसणार. अशात मी जो टोपलं भरून कुत्र्यापुढं ठेवत होतो, ते लोकांच्या डोळ्यांवर यायचंच. एके दिवशी टँकरपाशी शेजारच्या वस्तीवरची सून माझ्या तोंडावर म्हणाली, "माणसं तानलीत आन् गुर्जी कुत्र्याला पाजत्यात." तिच्या कडेवर लेकरू होतं. सगळे गप्प झाले. सगळ्यांच्या मनातलं ती बोलली होती.

तिचा राग मला कळत होता, अजून कळतो. जी दोन घागरींसाठी तासभर उभी आहे तिला मूत्रपिंडाचं शास्त्र सांगायला मी काही जाणार नव्हतो. पण मी मोजत होतो. लिटरचं माप घेऊन रोज मोजत होतो. साडेसात किलोचं पिल्लू, निरोगी असतं तर चारशे-साडेचारशे मिली प्यायलं असतं. हा सव्वा लिटर प्यायचा. म्हणजे भांडण होतं ते जास्तीच्या पाऊण लिटरचं. आम्ही दोघं आंघोळ एक दिवसाआड करत होतो. त्यातनं त्याचे आठवड्याचे निघत होते. हे मी तिला सांगितलं नाही. पण आता सगळ्यांना सांगतो की पाऊण लिटर पाणी आमच्या गावात त्याच महिन्यात एका लग्नाच्या मांडवात किती ठिकाणी सांडलेलं होतं, ते मी बघितलंय. अर्ध्या प्यालेल्या बाटल्यांचा ढीग. तो कुणाला दिसला नाही. टंचाईत पहिल्यांदा कुणाचं पाणी तोडायचं हे टंचाई ठरवत नाही. ते आधीच ठरलेलं असतं.

हे मला कुठनं कळलं ते सांगायला पाहिजे. आतापर्यंत बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ. मी दहा वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, बाप बैलं घेऊन कुठं कुठं वैरण बघत फिरायचा. घरात आजी, तिला आम्ही थोरली आई म्हणायचो. ती पडून होती. पाणी सारखं मागायची आणि वाकळ सारखी भिजायची. घरात वाकळा दोन. पाणी एक हंडा, तोही आई अंधारात उठून आणायची. वाकळ धुवायला पाणी नाही, म्हणून वाकळ भिजायला नको, म्हणून थोरल्या आईला पाणी नको. बघा, हिशोब कसा सरळ आहे. आई जाताना मला सांगून जायची, "मी येस्तवर थोरल्या आईला पाणी देऊ नगंस. वठ भिजीव निस्तं."

ती म्हणायची, "बाळा, घोटभर." मी ओला बोळा ओठांवरनं फिरवायचो. ती बोळा दातांनी धरायची. एकदा तिनं तो सोडलाच नाही, तर मी तिचं तोंड उघडून काढून घेतला आणि तांब्या उतरंडीमागं लपवला. मग अंगणात जाऊन गोट्या खेळलो.

तिला काय झालं होतं कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलंही नाही. सारखी पिते, सारखी मुतते, म्हातारी आहे. त्या वर्षीच्या थंडीत गेली. मी आईला दोष देत नाही. एका हंड्यात सहा माणसं जगवायची होती तिला. पण बाण्या रांजणाचं बूड चाटत होता ना, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांनी मला त्या बोळ्याची आठवण झाली, आणि त्यानंतर मला कुणी "पाणी तोडा" म्हटलं की माझ्या आवाजाला धार येते ती त्या कुत्र्यासाठीच असते असं नाही.

जूनच्या शेवटी थोडा पाऊस झाला. बाण्याचं बरं चाललं होतं. वजन आठ किलो, ओकणं आठवड्यातनं एखाद्या वेळी. सलाइन झाल्यावर आणि सकाळी लवकर, असे दोन-तीन तास तो चांगला असायचा. टिटवीच्या मागं लागायचा. एकदा बांधापासनं बांधापर्यंत असा पळाला की बायको हातातलं खुरपं टाकून बघत राहिली. त्याच्या जातीचं पळणं होतं ते, चारी पाय पोटाखाली गोळा करून. बांधाशी जाऊन बसला आणि अर्धा तास उठला नाही. त्या दिवशी मी त्याला उचलून आणला. आनंदात होता.

टँकरपाशी बोललेल्या त्या सुनेचा थोरला मुलगा, माझ्याच शाळेत चौथीत, तो संध्याकाळी बाटली धरायला यायला लागला. मी बोलावलं नव्हतं. आईनं पाठवलं का अडवलं नाही, माहीत नाही. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगली पाण्यात, आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडं टँकर चालूच. पुराच्या बातम्या बघत आम्ही घागरी घेऊन उभे! डॉक्टरांच्या गल्लीत होडी फिरत होती. त्यांचा फोन चौथ्या दिवशी लागला. स्वतःचं घर गाळात असताना ते माणूस मला विचारतं, "बाण्या खातोय का?" त्यांनी सलाइनचं नाव सांगितलं, रिंगर लॅक्टेट, माणसाचंच असतं. मी आटपाडीत मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी, गुर्जी? घरात कोण आजारी?" मी म्हटलं, "घरातलंच."

दिवाळीनंतर उतरण लागली. आकडा साताच्या पुढं गेला. भात नको, अंडं नको. तोंडात फोड. डिसेंबरात एका पहाटे त्याला झटका आला, मग दुपारी आणखी एक. संध्याकाळी तो उठून टोपल्याकडं गेला, पाण्यात तोंड घातलं, आणि प्यायला नाही. नुसता नाक बुडवून उभा राहिला. मी डॉक्टरांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी स्वतः वस्तीवर आले. सपरीतच, त्याच खिळ्याखाली, झोपेचं इंजेक्शन दिलं. जे एप्रिलमध्ये देता आलं असतं ते डिसेंबरात दिलं. म्हणून इंजेक्शनला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. दुखणं आमच्या हाताबाहेर गेलं तेव्हा मीच ते मागितलं. एप्रिलमध्ये ते हाताबाहेर नव्हतं. तेव्हा दिलं असतं तर ते आमच्या कंटाळ्यासाठी दिलं असतं.

चौदा हजार रुपयांत काय मिळालं, असं ग्रामसेवकसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, आठ महिने. ते हसले. त्यांना वाटलं मी उत्तर टाळतोय.

आता राहिला तो शुद्ध रक्तवाला. त्याच्यावर माझा राग जास्त आहे, आणि तो मला झाकायचा नाही.

डॉक्टर सावध माणूस. ते म्हणाले, एका पिल्लावरून ठाम सांगता येत नाही. काही जातींत हा दोष रक्तातनं उतरतो, कधी आईच्या पोटातच काही बिघडतं. ठीक. पण जानेवारीत मला त्याचा फोन आला. "गुर्जी, तुमचं पिल्लू गेलं म्हणं. वाईट झालं. त्याच जोडीची नवी पिल्लं हाईत. एक तुमास्नी फुकट." मी गेलो. पिल्लू आणायला नाही, बघायला. सहा पिल्लं दोन महिन्यांची. पाच एकमेकांच्या अंगावर लोळत होती. सहावं, सगळ्यांत बारकं, अंगणातल्या नळाखालच्या ओल्या फरशीवर पोट टेकून बसलेलं, फरशी चाटत होतं. जवळ पाण्याचं भांडं दिसेना.

"ह्येला पाणी कुठंय?"

"तोडलंय गुर्जी. लय पितंय. उष्णता हाय त्येला."

मी नळाखालची बादली घेतली, भरली, समोर ठेवली. मग भांडलो. त्याला म्हटलं, तुझा बाप मेंढरं राखत होता. दर दोन-चार वर्षांनी मेंढा बदलत होता की नाही? दुसऱ्या कळपातला आणत होता की नाही? खिल्लार गाईला तिच्याच बापाचा वळू कुणी शहाणा लावील का? "न्हाय लावत," तो म्हणाला. मग कुत्र्यालाच का? तर म्हणे, गिऱ्हाइकाला शुद्ध लागतंय. म्हणजे मला. मला शुद्ध लागत होतं म्हणून तो बापाला पोर लावत होता, हे त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, आणि मला त्यावर बोलता आलं नाही. सहा हजार मीच मोजले होते.

पण नंतर बोललो. त्या कुत्रीचं ऑपरेशन करून घे, खर्च मी देतो, म्हटलं. तो म्हणाला, "गुर्जी, ती माझी दुभती म्हस हाय." मग नर तरी बदल. लांबचा आण, दुसऱ्या जिल्ह्यातला आण. "बघू," म्हणाला. त्या बारक्या पिल्लाचं पाणी तोडू नको, एवढं तरी कर. यावर त्याची बायको चुलीपासनं म्हणाली, "मी ठिवते भांडं." ठेवलं असणार. दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा भांडं होतं, पिल्लू नव्हतं. विकलं, म्हणाला. कुणाला, ते सांगेना.

त्यानंतर मी दोनदा जाऊन भांडून आलोय. मला बघितलं की आता त्याची बायको चहा टाकते आणि तो मागच्या दारानं मेंढरांकडं जातो. कुत्री पुन्हा माजावर येईल ती पावसाळ्यात. नर तोच बांधलेला आहे. मी ज्येष्ठात जाणार आहे.